श्रद्धा, समाज आणि नवे प्रयोग : एकाच कप्प्यात शोभतील अशी मराठी पुस्तकं सुचवा

ग्रंथपाल_सांगोला

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाची मी ग्रंथपाल. अनुदानाचा हप्ता आला आहे आणि पुस्तकखरेदीची यादी समितीपुढे ठेवायची आहे. त्यासाठी मदत हवी आहे.

आमच्याकडे सकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, दुपारी बचत गटाच्या बायका, आणि संध्याकाळी पेपर वाचायला ज्येष्ठ मंडळी. ज्येष्ठांत माळकरी बरेच. गेल्या महिन्यात त्यांतले एक बाबा म्हणाले, “बाई, देवाचं पुस्तक द्या, पण ज्यात माणसंही आहेत असं द्या.” पोथ्या त्यांच्या घरी आहेतच, प्रवचनं ते रोज ऐकतात. त्याच सुमारास पॉलिटेक्निकची एक मुलगी आली. तिला उद्योजकांच्या यशाच्या कहाण्या नको होत्या. आपल्या आसपासच्या लोकांची अडचण बघून कुणी काही नवं करून दाखवलं असेल, तर ते वाचायचं होतं. दोघांना मी वेगवेगळ्या कपाटांकडे पाठवलं, आणि दोघंही रिकाम्या हाताने परत आले.

आमच्याकडे दशमान वर्गीकरण आहे. धर्म २००, समाज ३००, तंत्र आणि आरोग्य ६००. आत्मचरित्रं तर पार ९२० ला. मला वाटायला लागलंय की या दोघांना हवी असलेली पुस्तकं या सगळ्या आकड्यांमध्ये विखुरली आहेत. ती गोळा करून दारासमोर एक वेगळा कप्पा करायचा विचार आहे.

अट एवढीच की पुस्तक ललितेतर असावं, शक्यतो मूळ मराठीतलं असावं, आणि त्यात लेखकाचा स्वतःचा विश्वास, समाजाचा एखादा खरा प्रश्न आणि त्यावर केलेला काहीतरी नवा प्रयोग हे एकमेकांत गुंतलेलं असावं. नुसती नावं नकोत. का घ्यावं, कुणाच्या हातात द्यावं, तेही सांगा. समितीला मला तेच पटवून द्यावं लागतं.

वाचनवेडा_नाशिक

ताई, प्रकाश आमटे यांची ‘प्रकाशवाटा’ तुमच्याकडे असणारच, म्हणून तिच्याबद्दल लिहीत नाही. तिच्या शेजारी साधनाताई आमटे यांचं ‘समिधा’ आणि विकास आमटे यांचं ‘आनंदवन प्रयोगवन’ ठेवा.

‘समिधा’ माळकरी बाबांना द्या. साधनाताई देवभक्त, बाबा आमटे देवपूजेच्या वाटेला न जाणारे, आणि दोघांचा संसार कुष्ठरुग्णांच्या वस्तीत. एका घरात श्रद्धेच्या दोन तऱ्हा कशा नांदतात ते यात दिसतं. १९४९ मध्ये सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये एवढ्यावर आनंदवन सुरू झालं हे सगळे सांगतात. ते चौदा रुपये संपल्यावर चूल कशी पेटायची, ते घरातली बाईच सांगू शकते.

‘आनंदवन प्रयोगवन’ त्या पॉलिटेक्निकच्या मुलीसाठी. टाकाऊ टायरचे बंधारे, कमानीच्या छताची घरं, बोटं झडलेल्या माणसांनी चालवलेले कारखाने. यंत्र माणसाला जुळवून घ्यायचं की माणसाने यंत्राला, हा प्रश्न तिथं रोजचा आहे.

परिचारिका_ब्रह्मपुरी

ताई, जेवणं आटोपली आणि लगेच लिहायला बसले, कारण हा कप्पा व्हायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. मी चंद्रपूर जिल्ह्यात आधी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची परिचारिका होते, नंतर आरोग्य सहायिका. आता निवृत्त. उपकेंद्राच्या खोलीत रात्री वीज असली की वाचायचं, ही सवय तेव्हापासूनची.

श्रद्धेचं पुस्तक हातात आलं की मी एवढंच बघते, की या विश्वासाने लेखकाला कुणाच्या दारात नेऊन उभं केलं? आणि तिथं गेल्यावर त्याचे हात कोणत्या कामाला लागले? ज्या पुस्तकात या दोन्हीचं उत्तर सापडत नाही ते मी खाली ठेवते, भाषा कितीही गोड असली तरी.

म्हणून माझ्या यादीत पहिलं नाव डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाचं. पुष्कळ लोक ते पथ्यपाण्याचं पुस्तक म्हणून घेतात. तेलतूप किती, चालायचं किती, एवढं पाहून मिटवतात. त्यात ते आहेच आणि उपयोगाचंही आहे. पण गांधी-विनोबांच्या वातावरणात वाढलेला एक डॉक्टर, आयुष्यभर दुसऱ्यांना आरोग्य शिकवणारा, स्वतः खाटेवर पडतो आणि विचारायला लागतो की मी इतकी घाई कशासाठी केली, माझ्या आत कोण आहे, देव म्हणतात तो मला कुठे भेटेल. मृत्यू जवळून पाहिल्यावर प्रार्थनेकडे वळणारे खूप असतात. इथं मात्र माणूस प्रार्थनेलाही डॉक्टरसारखा तपासतो, स्वतःवर करून बघतो, मग लिहितो. तुमच्या माळकरी बाबांना हे आवडेल, खात्रीने सांगते. विनोबा त्यांना परके वाटणार नाहीत.

हे पुस्तक एकटं देऊ नका पण. ज्या कामातून हा माणूस आला ते कामही वाचकाला माहीत हवं. मी शेजारच्या जिल्ह्यात नोकरी करत होते, म्हणून ते थोडं जवळून सांगते.

लहान बाळाला न्युमोनिया झाला की ते भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त श्वास झाले की समजायचं. रक्त नको, फोटो नको, मोजता आलं की झालं. एकदा पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या टोलीवर मला बोलावणं आलं. पाच-सहा महिन्यांचं लेकरू, आजीच्या मांडीवर. कपाळाला अंगारा, गळ्यात काळा दोरा, दारात लिंबू उतरवून टाकलेलं. आजी माझ्याकडे बघेनात. मी आता अंगारा पुसायला सांगणार, बोलणार, असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, “आजी, अंगारा राहू द्या जी. झबलं तेवढं वर करा.” बाळ रडत असलं तर मोजणं चुकतं, म्हणून आईला आधी पाजायला सांगितलं. ते शांत झाल्यावर चिमणीच्या उजेडात उघड्या पोटावर नजर ठेवली आणि हातातल्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर पूर्ण मिनिट मोजलं. चौपन्न. पुन्हा मोजलं, तेवढेच. बरगड्यांखाली खळगा पडत नव्हता, अंगावर ओढत होतं, म्हणजे घरी औषध चालणार होतं. गोळी कुटून आईच्या दुधात कशी द्यायची ते आजींच्याच हाताने करून घेतलं. तिसऱ्या दिवशी गेले तर श्वास चाळिशीवर आलेला आणि दोरा गळ्यात तसाच. तो दोरा कुणाच्या जिवाला आधार देत होता हे मला दिसत होतं. बाळाला बरं कशानं वाटलं हे आजींना दिसलं होतं. पुढच्या लेकराच्या वेळी बोलावणं आलं ते पहिल्याच दिवशी.

मला मोजता येत होतं, कारण मी शिकलेली. पण ज्या गावात मी पोचू शकत नाही तिथं सुईण असते, आणि तिला साठपर्यंत आकडे येत नाहीत. तिने काय करायचं? या प्रश्नावर गडचिरोलीत बंगांच्या ‘सर्च’ या संस्थेने एक साधन बनवलं. एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोचला तर न्युमोनिया. दहापर्यंत मोजणं सगळ्यांना येतं. एवढ्या साध्या वस्तूमागे केवढा आदर आहे बघा, अडाणी म्हणून जिला बाजूला सारलं तिच्या बोटांवर टाकलेला तो विश्वास आहे. त्या मुलीला हे जरूर सांगा. नवं काही बनवायचं म्हणजे काय, हे मला त्या मण्यांनी शिकवलं.

पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, आणि बालमृत्यूंत एवढी घट झाली की १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. २०११ पासून देशभरच्या आशा सेविका बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, थेट बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, त्याचं मूळ तिथं आहे. तुमच्या बचत गटात एखादी आशा असेलच. तिला विचारा, ती बॅग उघडून दाखवील.

आणि शोधग्रामचा, म्हणजे ‘सर्च’च्या वसाहतीतला दवाखाना. आदिवासींना मोठ्या पांढऱ्या इमारतीची भीती वाटायची. रोग्याबरोबर नातलगांना राहू देत नाहीत, तिथं आमचा देव नाही, असं ते म्हणत. मग दवाखाना त्यांच्या गावासारखा झोपड्यांचा बांधला, घरचे सोबत राहू लागले, आणि नाव दिलं मा दंतेश्वरीचं, त्यांच्या देवीचं. श्रद्धा, समाज आणि नवा प्रयोग यांना तुम्ही एका कप्प्यात ठेवू पाहता आहात. तिथं ते एका छपराखाली आहेत.

याच घरातलं आणखी एक पुस्तक, डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’. गडचिरोलीच्या बायका झाडांबद्दल काय जाणतात, बोलतात, मानतात ते त्यात आहे. बचत गटात चालेल.

आता दुसरं नाव. महात्मा फुले. समग्र वाङ्मय शासनानेच काढलेलं आहे, स्वस्त आहे, बहुतेक तुमच्या कपाटात असेलही, वरच्या फळीवर, कुणी हात न लावलेलं. त्यातली दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचायला लावा. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चं. लोक पहिल्या प्रकरणातला भटभिक्षुकांवरचा राग वाचतात आणि थांबतात. पाचव्या प्रकरणापर्यंत जा. तिथं हा माणूस सरकारला सांगतो की लष्करातले आणि पोलिसातले रिकामे हात लावून डोंगरउतारावर ताली-बंधारे घाला, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरेल आणि माती वाहून जाणार नाही. विहिरींना पाणी कुठं लागेल ते शोधा. चांगल्या जातीची मेंढरं आणा. शेतीची प्रदर्शनं भरवून बक्षिसं द्या. फुल्यांनी बांधकामाची कंत्राटं घेतली होती, दगडमातीचा हिशोब त्यांना ठाऊक होता. सांगोल्याच्या माणसाला पाणी मुरवणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आणि मग ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेला तेव्हा डाव्या हाताने लिहिलेलं, आणि १८९० मध्ये ते गेल्यानंतर छापलेलं. ज्याने आयुष्यभर धर्माच्या दुकानदारीशी भांडण केलं त्याने शेवटची ताकद खर्चली ती धर्मावरच लिहायला, हे मला फार मोठं वाटतं. त्यात त्यांचा निर्मिक, म्हणजे सृष्टी घडवणारा, आहे, आणि एका घराचं चित्र आहे. बाई बुद्धाचे ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि सगळी एका घरात प्रेमाने राहतात, कुणी कुणाचा द्वेष करत नाही. हे पान मी आमच्या नात्यातल्या एका लग्नाच्या भांडणात मोठ्याने वाचून दाखवलं होतं. भांडण मिटलं नाही, पण आवाज खाली आले.

ग्रंथपाल_सांगोला

मावशी, खूप आभार. समग्र फुले आमच्याकडे आहे, आणि तुम्ही म्हणता तसं वरच्याच फळीवर. आजच खाली काढून ठेवलं. आमच्या गटात दोन आशा आहेत, त्यांना विचारते. स्त्रियांनी लिहिलेलं, आणि हिंदू घराबाहेरचंही काही सुचवा ना कुणी.

वसईचा_वाचक

ताई, पंडिता रमाबाईंशिवाय हा कप्पा पुरा होणार नाही. आमच्या घरात त्यांचं नाव लहानपणापासून ऐकलं, पण नीट वाचलं ते कॉलेजात आल्यावर, आणि मला तेव्हा राग आला की शाळेत यातलं काहीच कसं सांगितलं नाही.

‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’, १८८९. डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि दोन-अडीच वर्षं तो देश पालथा घातला. तेव्हा त्या तिशीच्या आतल्या विधवा, बरोबर लहान मुलगी, गोळा करायचा निधी, आणि तरी बारीकसारीक बघणं चालू आहे. शाळा कशा चालतात, बायकांच्या संस्था वर्गणी कशी जमवतात, घरात चूल आणि पाणी कसं आहे. कौतुक मनापासून करतात, आणि काळ्या लोकांना नि मूळ रहिवाशांना तिथं काय सोसावं लागलं तेही झाकत नाहीत. आजसुद्धा परदेशप्रवासावर इतकं सरळ लिहिणारे कमी आहेत.

फिलाडेल्फियाला त्यांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची बालवाडीची पद्धत शिकून घेतली आणि तशी मराठी क्रमिक पुस्तकं करायला घेतली. बालविधवांना शिकवायचं तर पाठांतराने नाही, हाताला वस्तू देऊन, हा त्यांचा निश्चय. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं ते या तयारीवर.

आता श्रद्धेचं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे लोकांनी त्यांना धर्मबुडवी म्हटलं. तिकडच्या मिशनरी बायकांना वाटलं की आता ही आपलं मुकाट्याने ऐकेल. रमाबाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. काय मानायचं आणि काय नाही हे माझी सदसद्विवेकबुद्धी ठरवील, असं रमाबाई त्या वडीलधाऱ्या जोगिणींना, म्हणजे नन्सना, पत्रांतून सांगत राहिल्या. ज्यांनी नवा धर्म दिला त्यांच्याशीच असं बोलायला केवढं धैर्य लागलं असेल! मी कॅथलिक आहे, चर्चमध्ये वाढलोय, आज्ञापालन आमच्या रक्तात आहे. म्हणून मला हे धैर्य जास्त कळतं.

पुढे केडगावचं मुक्ती मिशन. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तिथं विणकाम, तेलघाणा, छपाई शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं, आणि त्याच्या छपाईचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच मुलींनी जुळवले. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर हेच काम चालू होतं. त्यांचा स्वतःच्या विश्वासाचा वृत्तांत छोटासा आहे, ‘माझी साक्ष’ या नावाने मिळतो. आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करत पायी हिंडणं आणि दुष्काळात त्यांना डोळ्यांदेखत गमावणं, तो भाग एका बैठकीत वाचून होतो. पण नंतर दोन दिवस दुसरं काही वाचवत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ सांगायला हवं का? हवं, कारण पुष्कळ वाचनालयांत ते ‘विनोदी’ म्हणून दिलं जातं. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, ही मागे राहिली, सोवळंओवळं पाळत. आणि पाच वर्षांत तिची तिला वाट सापडली. नवऱ्यामागे गेली असं म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. तुमच्या बायकांना द्या, एकेक प्रकरण मोठ्याने वाचायला लावा.

आमच्या गावाकडचं एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वसईची हिरवळ वाचवायला झगा घालून रस्त्यावर उतरलेला धर्मगुरू आम्ही पाहिला आहे. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा देवळातली आणि मशिदीतली माणसंही अंत्ययात्रेला आली होती. ‘नाही मी एकला’ हे त्यांचं आत्मकथन घ्या. विहिरी, केळीच्या बागा आणि प्रार्थना त्यांच्या बोलण्यात एकत्रच असायच्या.

विवेकी_सातारा

इथं सगळं छान चाललंय, पण मला एक काळजी बोलून दाखवायची आहे. श्रद्धेचा कप्पा केला की पुढच्या वर्षी देणगीदार त्यात बुवांची चरित्रं आणून ठेवतात. माझ्या माहितीतल्या एका वाचनालयात हेच झालं. म्हणून त्या कप्प्यात पहिल्या दिवसापासून डॉ. नरेंद्र दाभोलकर हवेतच. ‘तिमिरातुनी तेजाकडे’ घ्या. श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते, फलज्योतिष, भानामती, बुवाबाजी, सगळ्याचा शांतपणे, मुद्देसूद विचार आहे. देवाधर्माला विरोध नाही, देवाधर्माच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, ही त्यांची भूमिका त्यांनी शेकडो सभांत सांगितली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते कित्येक वर्षं झगडले तो त्यानंतर झाला. हे पुस्तक स्पर्धा परीक्षेच्या मुलांना द्या. प्रश्न विचारायला शिकणं त्यांना परीक्षेनंतरही लागेल.

अनिल अवचटांचं ‘संभ्रम’ही ठेवा. ते स्वतः बुवाबाबांच्या त्या त्या ठिकाणी गेले, बसले, लोकांशी बोलले आणि जे दिसलं ते लिहिलं. दुरून टीका करणं सोपं असतं. त्यांनी तसं केलं नाही.

परिचारिका मावशींना आदराने विचारतो, त्या आजींच्या नातवाच्या गळ्यातला दोरा तुम्ही तसाच राहू दिलात. तो कधीतरी सोडायला सांगायला नको होता का?

परिचारिका_ब्रह्मपुरी

दादा, तुमची काळजी रास्त आहे आणि दाभोलकरांचं पुस्तक त्या कप्प्यात हवंच, त्याला माझं पूर्ण अनुमोदन.

दोऱ्याचं सांगते. पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिलेलं बाळ मी या हातांनी उचललं आहे. तिथं मी गप्प बसले नाही. त्या घरात, त्या अंगणात, सगळ्यांसमोर बोलले, आणि पुढे ग्रामसभेतही तो विषय मांडला. चटका बाळाचा जीव घेतो. दोरा घेत नाही. माझ्याजवळ अर्धा तास होता आणि त्या अर्ध्या तासात आजींचं मन माझ्याकडे वळवायचं होतं. तो वेळ दोऱ्यावर घालवला असता तर गोळी कुटायला कुणी पुढे आलं नसतं. आता तुमच्यासारखी तरुण मुलं गावात बसून बोलतात, वर्षानुवर्षं बोलतात, ते काम वेगळं आणि तितकंच लागणारं आहे. माझ्यासारख्या बाईला दाभोलकरांच्या लिहिण्यातून बळ मिळालं ते हेच, की ज्याला पटवायचं त्याचा अपमान करायचा नाही.

ताई, त्यांची पुस्तकं फुल्यांच्या शेजारी ठेवा.

मडगावची_वाचक

गोव्याहून एक नाव, धर्मानंद कोसंबी यांचं ‘निवेदन’. हल्ली कुणाच्या तोंडी येत नाही.

साखवाळचा मुलगा, घरी नारळाची बाग, शिक्षण फारसं नाही. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचतो आणि ते मनातून जात नाही. १८९९ मध्ये घर सोडतो. पुण्यात संस्कृत, काशीत अन्नछत्रात जेवून शास्त्राध्ययन, मग बौद्ध धर्म बघायला पायी नेपाळ, तिथं निराशा, मग थेट सिलोनात जाऊन पाली. पुढे हार्वर्डपर्यंत गेले. बायको आणि लहान मुलगी मागे ठेवून गेल्याची टोचणी त्यांनी लपवलेली नाही, आणि बाई म्हणून वाचताना मला ती पानं जड जातात. तरी द्या. ज्ञानासाठी उपाशी राहिलेल्या माणसाचं इतकं साधं, अलंकाराशिवायचं मराठी दुसरीकडे सापडणार नाही. परदेशी जायची स्वप्नं बघणाऱ्या मुलांनी तर वाचावंच.

फलटणची_लेक

बौद्ध धम्माचा विषय निघाला म्हणून. कोसंबी बुद्धाकडे एकटे गेले, आमची माणसं १९५६ मध्ये बाबासाहेबांबरोबर लाखांनी गेली. ते आतून वाचायचं असेल तर बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. त्या आमच्या फलटणच्या. नवऱ्याबरोबर छोटं दुकान चालवायच्या, पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचून काढायच्या, आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. पुस्तक १९८६ मध्ये आलं.

महारवाड्यातला आषाढ, पोतराज, बायकांच्या अंगात येणं, हे त्यांनी लिहिलंय ते तिथं राहिलेल्या बाईनं लिहावं तसं. त्या देवांनी आम्हाला काय दिलं असं त्या विचारतात, आणि त्याच बायका बाबासाहेबांचं बोलणं ऐकून पोरांना शाळेत घालायला निघतात. घरात सुनांचे हाल आमच्याच माणसांनी कसे केले तेही सांगून टाकलंय. बचत गटात आधी हेच वाचा. माझी आई चौथी शिकलेली, तिनं दुपारच्या वेळी शेजारणींना बसवून वाचून दाखवलं होतं. मधेच कुणीतरी पुस्तक थांबवून आपली सासू सांगायला लागायची, आणि ते चालू द्यायचं.

ग्रंथपाल_सांगोला

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी केली. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’, ‘गोईण’, ‘समिधा’, ‘आनंदवन प्रयोगवन’, ‘स्मृतिचित्रे’, ‘नाही मी एकला’, ‘तिमिरातुनी तेजाकडे’, ‘संभ्रम’, ‘निवेदन’ आणि ‘जिणं आमुचं’च्या दोन प्रती. फुले आहेतच. वर्गीकरणाचे आकडे पुस्तकांवर तसेच राहतील, कप्पा तेवढा वेगळा. समितीत कुणी आडवं बोललं तर शोधग्रामच्या दवाखान्याची गोष्ट सांगणार आहे. रमाबाईंचं अमेरिकेचं पुस्तक मात्र आमच्या विक्रेत्याकडे नाही म्हणतात.

वसईचा_वाचक

ताई, माझ्याकडे त्याच्या दोन प्रती आहेत, एक तुमच्या वाचनालयाला देतो. पत्ता खासगी निरोपात कळवा. टपालाने बुकपोस्ट करतो, सोबत ‘माझी साक्ष’ही घालीन. दोन्हीला आधी कव्हर घालून घ्या, कागद जुना आहे.